चव न घेता

रमझानचे तीसही दिवस शरीफा सगळा स्वयंपाक चव न घेता करायची, आणि ह्या गोष्टीचा तिला जेवढा अभिमान होता तेवढा वाशीतल्या स्वतःच्या दोन बेडरूमच्या ब्लॉकचाही नव्हता. रोजा असताना गळ्याखाली काही उतरवायचं नसतं हे खरं, पण जिचा नवरा मिठावरून घर डोक्यावर घेतो तिला जिभेच्या टोकाला थेंब लावून थुंकून टाकायची सवलत असते, असं तिच्या माहेरच्या बायका सांगत. त्यावर शरीफा हसून म्हणायची, "माझा नवरा घर कसला डोक्यावर घेतो, नमाजाची टोपीसुद्धा मी शोधून दिल्याशिवाय त्याच्या डोक्यावर जात नाय!" मकबूलचा मार्केटात खजुराचा आणि सुक्या मेव्याचा गाळा होता. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याचे शब्द संपलेले असत आणि घरी आल्यावर पुढ्यात येईल ते तो मुकाट्याने, आवडीने खात असे. तेव्हा ती सवलत शरीफाला लागू नव्हती, आणि लागू असती तरी तिने ती घेतली नसती. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि त्या अठरा वर्षांत तिचं मीठ एकदाही चुकलं नव्हतं.

तिचं स्वयंपाकघर बघायला बिल्डिंगमधल्या बायका मुद्दाम येत. दोन दरवाजांचा फ्रीज, तीन भांड्यांचा मिक्सर, लहान-मोठे दोन कुकर आणि कुवेतहून दिराने आणलेला मायक्रोवेव्ह, ज्याच्यावर तिने क्रोशाचं कव्हर घातलं होतं आणि ज्यात ती दुधाखेरीज काहीही गरम करत नसे, कारण समोसे ठेवले की ते चामड्यासारखे चिवट होतात हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ह्या सगळ्या वस्तू दर शुक्रवारी पुसून लख्ख व्हायच्या. पण त्या वस्तू म्हणजे हाताखालची माणसं, खरं काम आपल्या उजव्या हाताचं, अशी तिची पक्की समजूत होती आणि ती तसं बोलूनही दाखवायची. मिठाला तर ती चमचासुद्धा लावत नसे. पाच बोटं बरणीत जायची, भांड्यावर एकदा सैल सुटायची, आणि झाकण बसायचं.

शेजारच्या स्मिताला ह्याचं भारी नवल. स्मिता मूळची मालवणकडची, नवरा मधुकर बँकेत, आणि स्वतःचा स्वयंपाक तीन-तीनदा चाखून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दर रमझानला ती दारात येऊन म्हणायची, "भाभी, माझा काही उपास नाही. मी बघते ना चाखून, तुम्हाला कशाला टेन्शन?" आणि दर रमझानला शरीफा तिला बसवून चहा करून द्यायची, पण चमचा काही द्यायची नाही.

एकच माणूस असं होतं ज्याने शरीफाच्या हाताला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मकबूलची थोरली बहीण, जासईची आपा. दर रमझानमध्ये एका रविवारी ती इफ्तारला येई, ताठ बसून जेवी, हात धुवी आणि पदराला पुसत म्हणे, "झालं." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शरीफाला वाटलं, नव्या भावजयीला चढवून ठेवायचं नसेल. पाचव्या वर्षी वाटलं, आपाचा स्वभावच तसा असेल. बाराव्या वर्षी मात्र ती रात्रीची भांडी घासताना चक्क रडली होती. मार्केटातले व्यापारी, सोसायटीचे सेक्रेटरी, कोण कोण तिच्या गहू-मटणाच्या खिचड्याची आठवण काढायचे, पण त्या सगळ्यांची वाहवा एका बाजूला आणि आपाचं ते एवढंसं "झालं" दुसऱ्या बाजूला. मरायच्या आधी एकदा आपाच्या तोंडून चांगला शब्द ऐकायचा, एवढीच शरीफाची हौस राहिली होती.

सत्त्याण्णव सालचा रमझान जानेवारीत, गोड थंडीत आला. नवव्या रोज्याला शरीफाने डाळ-मटणाचा दालचा केला होता. फ्रीजवर लावलेल्या वेळापत्रकातली रोजा सोडायची वेळ झाली, खजूर तोंडात पडले, नमाज झाली आणि हॉलमध्ये जेवणाचा दस्तरखान पसरला. पहिल्या घासालाच मकबूलने मान वर केली, जी तो सहसा करत नसे. "आज काय घातलंस ह्याच्यात?" "नेहमीचंच," शरीफा म्हणाली आणि मनातून फुलली. पंधरा वर्षांच्या कैफने तीनदा वाढून घेतलं. जेवणं उरकल्यावर बारा वर्षांच्या सहरने पेरू कापायला घेतला आणि आतून हाक मारली, "अम्मी, मीठ कुठाय?"

शरीफा आत गेली आणि ओट्यासमोर उभीच राहिली. मिठाची बरणी सकाळी धुऊन तिने खिडकीत पालथी घातली होती. मकबूलला फोन करून मिठाची पिशवी आणायला सांगायचं राहूनच गेलं होतं. दिवसभर घरात मिठाचा दाणा नव्हता. तिने उरलेला दालचा बोटावर घेऊन चाखला. मीठ अगदी बरोबर होतं, इतकं की तिने उभ्या उभ्याच आणखी चार घास खाल्ले. सहरने पेरू तसाच खाल्ला.

हात आपोआप कुठल्यातरी जुन्या पुडीत गेला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी मीठ आलं, बरणी भरली, आणि तरीही तिने मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. भाजीच ती, बिघडली तर बिघडली. पण संध्याकाळी मुलांनी पातेलं पुसून खाल्लं. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा मीठ घातलं. तेव्हा जेवण चांगलं झालं, रोजच्यासारखं चांगलं, आणि कोणी मान वर केली नाही. चौथ्या दिवशी बरणीला हात लावला नाही, तर मकबूल बोटं चाटत म्हणाला, "शरीफा, तुझा हात दिवसेंदिवस मोठा होत चाललाय!"

आता तिला राहवेना. तेराव्या रोज्याला दुपारी चार वाजता अठरा वर्षांचा नेम मोडून तिने स्मिताला बोलावलं आणि शिजत्या कालवणातला एक चमचा तिच्यापुढे धरला. मान खाली घालायची सवय नसलेल्या बाईला ते जड गेलं.

स्मिताने चाखलं आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "भाभी, कसं सांगू... ह्यात मीठच नाहीये. अगदी अळणी आहे."

"नक्की?"

"अहो, एक कण नाही. घाला ना, अजून वेळ आहे."

"घालते," शरीफा म्हणाली. स्मिता गेल्यावर तिने खुर्ची ओढून गॅससमोर मांडली आणि इफ्तारपर्यंत ती तिथून हलली नाही. मुलांना तिने आत येऊ दिलं नाही, फोन वाजला तरी उठली नाही. झाकण उघडून ढवळलं ते तिनेच, गॅस बंद केला तो तिनेच, आणि पातेलं हॉलमध्ये नेलं तेही तिनेच. तिने स्वतःच्या हाताने पहिला घास घेतला. मीठ असं बसलं होतं की मोजून घातलं तरी बसलं नसतं.

दुसरी एखादी बाई घाबरली असती. शरीफाचं मन मात्र अभिमानाने भरून आलं. आपण रोजे पाळून, तोंड बांधून, इतकी वर्षं घरादाराला जेवू घातलं त्याची ही पावती आहे, आपल्या हाताला आता मिठाचीसुद्धा गरज उरलेली नाही, असं तिला वाटलं आणि त्या रात्री कुराण वाचताना तिचा आवाज कापत होता. कोणाला सांगण्याची सोय नव्हती. सांगितलं असतं तर मकबूलने डॉक्टरकडे नेलं असतं आणि स्मिताने तोंडावर हात ठेवला असता. ती एकटीच ते सुख आतल्या आत घोळवत राहिली.

नाही म्हणायला तब्येतीची थोडी कुरबूर सुरू झाली होती. ज्या दिवशी बरणीला हात लागत नसे त्या संध्याकाळी तिच्या पोटऱ्यांत गोळे येत, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई आणि हात गार पडत. जेवण पोटात गेल्यावरही ते गार ते गारच राहत. रोज्यात एवढं व्हायचंच, असं ती म्हणायची. स्मिता जिन्यात भेटली की थांबून बघायची. "भाभी, तुम्ही फारच उतरलात हो. चेहऱ्यावर कळाच नाही." शरीफा हसायची आणि पोरांकडे बोट दाखवायची. "त्यांच्याकडं बघ की! दोघं कशी भरलीत!" आणि ते खरंच होतं. मकबूलला शर्टाची बटणं लागेनाशी झाली होती.

चोविसाव्या रोज्याला रविवार होता आणि आपा येणार होती. शरीफाने आदल्या दिवशीच गहू भिजत घातले, मटण स्वतः जाऊन निवडून आणलं. रविवारी दुपारी मोठा कुकर चढला, मिक्सर घरघरला, कांदा तळून करकरीत झाला आणि खिचड्याचा वास जिन्यापर्यंत गेला. सगळं झाल्यावर तिने बरणी हातात घेतली. गेले दोन दिवस तिने ठरवून मीठ घातलं होतं आणि तिला बरं वाटत होतं. पाय हलके झाले होते. आजही घालावं, जेवण चांगलंच होईल, कोणी नाव ठेवणार नाही. पण चांगलं जेवण आपा अठरा वर्षं जेवत आली होती आणि त्याचं काय झालं ते शरीफाला ठाऊक होतं.

दारात स्मिता उभी होती, ती लिंबं द्यायला आली होती. वासाने ती आपण होऊन आत आली, तिने चमचा घेतला आणि न विचारता चाखलं. "भाभी! पुन्हा तेच! आज तर पाहुणे आहेत ना तुमच्याकडे? घाला आधी, माझ्यासमोर घाला."

शरीफाने बरणीत पाच बोटं घातली. बोटांना मिठाचा खरबरीत स्पर्श झाला. मग तिने हात तसाच रिकामा बाहेर काढला, बरणीचं झाकण लावलं आणि ती फळीवर सगळ्यांत मागे सरकवून ठेवली.

"स्मिता, तू जा आता. माझा अंदाज हाय."

आपा पाच वाजता आली, जासईहून दोन बसगाड्या बदलून, हातात सांदणांचा डबा घेऊन. बसता बसता तिने भावजयीकडे एकदा नीट पाहिलं. "काय गं, आजारी-बिजारी हायस काय?"

"नाय आपा. रोज्याचं थकणं."

"आमी पण धरतो रोजे," आपा म्हणाली आणि पदर सावरून बसली.

वेळ झाली. नमाज झाली. शरीफाने खिचडा वाढला, वर तळलेला कांदा आणि लिंबाची फोड ठेवली आणि ती आपासमोर गुडघ्यांवर बसली. तिचे कान तापले होते आणि हातपाय बर्फासारखे झाले होते. आपाने घास घेतला. ती चावायची थांबली. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि नेहमी ताठ असणारी तिची पाठ हळूहळू ताटावर वाकली. चौघंही खाली माना घालून, लवकर लवकर खात होते. ताट पुसून झाल्यावर आपाने मान वर केली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मकबूल," ती भावाला म्हणाली, "असं जेवण माझ्या अम्मीच्या हातचं पण मी जेवले नव्हते. तुझ्या बायकोच्या हाताला तोड नाय रे! इतकी वर्षं मी बोलले नाय, ती माझी चूक."

रिकामा वाडगा उचलून शरीफा घाईने स्वयंपाकघरात आली, फ्रीजला पाठ टेकून उभी राहिली आणि तिने स्वतःला मनसोक्त रडू दिलं. अठरा वर्षं वाट पाहिलेला शब्द मिळाला होता आणि तोही सगळ्या घरासमोर. आज तिच्याइतकी मानाची बाई साऱ्या वाशीत नव्हती. डोळे वाहत होते, गालांवरून पाणी ओठांच्या कोपऱ्यात येत होतं, आणि तिने ते सहज जिभेने टिपलं.

मग ती रडायची थांबली. तिने बोटाने गालावरचा दुसरा थेंब घेतला आणि जिभेवर ठेवून, डोळे मिटून, नीट लक्ष देऊन चाखला. तो अळणी होता. एक कण नव्हता त्यात.

"शरीफा," बाहेरून आपाची हाक आली, आवाजात कधी नव्हे तो लाड होता, "अजून हाय काय गं?"

तिने पदराने चेहरा पुसला आणि मान ताठ केली.

"हाय ना आपा," ती म्हणाली, "पुष्कळ हाय," आणि वाडगा काठोकाठ भरून ती बाहेर गेली.