घशात उतरलेला थेंब

"चूल विझली तर शेजारणीकडून विस्तव आणता येतो, पोरी. वाजंत्र्याचा श्वास विझला हे गावाला कळलं, तर मागायला दार उरत नाही."

सासऱ्यांचा तो आवाज अमृतवल्लीच्या कानात इतकी वर्षं तसाच राहिला होता. घोगरा, मधेच शीळ घालणारा. ती तेव्हा नवी नवरी होती. भर दुपारी ताक घेऊन मागच्या पडवीत गेली, तर म्हातारा दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढं काढून, मासा काठावर तडफडावा तसा श्वास ओढत होता. आणि संध्याकाळी तोच देवळात असा वाजवून आला, की पुजाऱ्यानं आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. तिनं पाहिलेलं कुणाला सांगितलं नाही. पुढं तीच शीळ नवऱ्याच्या छातीत ऐकू आली, तेव्हाही नाही. सख्ख्या भावालाही नाही. भाऊ सिंगारवेलू तर रोज नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून तवीलचा ढोल बडवणारा.

कावेरीकाठच्या त्या गावात तिच्या नवऱ्याचं, वैथिलिंगमचं नादस्वरम, ती लांबलचक सनई, वाजल्याशिवाय देव देवळाबाहेर पाऊल टाकत नसे.

सुरुवात मिठापासून झाली.

"आज मीठ वाढायला विसरलीस," वैथिलिंगम जेवताना म्हणाला.

मीठ केळीच्या पानाच्या डाव्या टोकाला, रोजच्या जागी होतं. तिनं बोट दाखवलं. त्यानं मान वळवली तेव्हा कुठं त्याला दिसलं.

"हे आत्ता वाढलंस."

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम वडा डाव्या अंगाला ठेवला. तो उजवीकडचं सगळं जेवला, पान मिटलं आणि हात धुवायला गेला. वडा टाकून उठणारा तिचा नवरा नव्हता. तिनं मिटलं पान पुन्हा उलगडलं आणि त्या वड्याकडं बघत राहिली.

सिंगारवेलू दोघांना शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर पूंगोदै वयानं पोरसवदा, पण बोलणं थेट.

"काचबिंदू आहे. डोळ्यात पाणी झिरपतं तसं ते वाहूनही जायला हवं. तुमचा निचरा तुंबलाय. आत दाब वाढतोय, मागची नस वाळत चाललीय."

"मोतीबिंदूसारखा काढून टाका की," सिंगारवेलू म्हणाला.

"मोतीबिंदू म्हणजे भिंग गढुळलेलं. ते बदललं की उजेड. यात गेलं ते गेलं. उरलंय तेवढं राखायचं. रोज, न चुकता. आणि हा रोग दुखत नाही, हीच त्याची खोड. शिवाय जोर लावून फुंकलं की दाब आणखी चढतो."

"ह्यांना फुंकू नका म्हणजे जेवू नका म्हटल्यासारखं झालं, अम्मा."

"कमी करा म्हणते. आता नीट सांगा, कारण थेंबांच्या जाती बऱ्याच आहेत आणि सगळे सगळ्यांना चालत नाहीत. दमा आहे? छातीत घरघर?"

सिंगारवेलू खो खो हसला. "दमा? आमच्या मच्चानचा, या दाजींचा, एक श्वास म्हणजे देवळाला एक प्रदक्षिणा."

"नाही," वैथिलिंगम म्हणाला.

डॉक्टरांनी अमृतवल्लीकडंही पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

थेंब घालायचं काम तिचं. सकाळी एक, दिवेलागणीला एक. नर्सनं शिकवलं होतं तसं खालची पापणी ओढायची, थेंब सोडायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं. पण वैथिलिंगमला ते बोट धरणं पटेना.

"असा नाकाला बोट लावून बसलो तर लोक म्हणतील, बायकोवर रुसलाय."

"म्हणू देत."

"आणि काय गं, घालतेस डोळ्यात आणि कडू लागतं घशात. दुकानच चुकलं वाटतं औषधाचं."

ती हसली. तेव्हा हसली.

थोड्याच दिवसांत तो विहिरीवरून येताना मधेच थांबू लागला. चप्पल बघतोय असं दाखवायचा. मग पंगुनी महिन्यातली, उन्हाळ्याच्या तोंडाची यात्रा आली. उन्हं उतरताना देव बाहेर काढला, भोयांनी दांडे खांद्यावर घेतले आणि वैथिलिंगमनं मल्लारी सुरू केली. देव निघाला की ती वाजते, आणि देव खांद्यावर असेतो तुटत नाही. चौकाच्या वळणावर ती तुटली.

भोई जागच्या जागी थबकले. पण तेवढ्यात सिंगारवेलूनं तवीलवर असा काही गडगडाट उठवला, की बऱ्याच जणांना वाटलं, इथं तवीलचीच पाळी होती. वैथिलिंगमनं नादस्वरमच्या तोंडाची पत्ती काढली, गळ्यातल्या जुडग्यातली दुसरी बसवली.

"पत्ती फाटली," तो म्हणाला.

बायकांच्या घोळक्यातून अमृतवल्लीनं त्याचे ओठ पाहिले. पिकल्या जांभळासारखे दिसत होते.

त्यानं टाकलेली पत्ती तिनं वाटेतून उचलून पदरात बांधली होती; घरी आल्यावर ती काढून दिव्याच्या उजेडात धरली. कुठं चीर नव्हती. ती ओट्यावर बसली आणि तिला ते कडू आठवलं. डोळ्यातून नाकात, नाकातून घशात. मग घशाशी वाट संपते थोडीच? खाली छाती आहे. ज्या हातानं ती त्याला डोळा देत होती, त्याच हातानं रोज दोन वेळा त्याचा गळा आवळत होती.

आई लहान भावाला आंदुळताना म्हणायची ते तिच्या ओठांवर आलं:

दोन समया देव्हाऱ्यात, तेल उरलं पळीभर,
हिची ज्योत राखू जाता तिच्या ज्योतीला घरघर.

दुसऱ्या दिवशी तिनं पाणी उकळून गार केलं, थेंबांच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि तेच घातलं. डॉक्टरांना विचारावं तर दमा सांगावा लागणार. दमा सांगावा तर दाराबाहेर भाऊ बसलेला. भावाच्या पोटात कधी गोष्ट राहिली आहे?

हळूहळू छातीतली शीळ बसली. वैथिलिंगम विहिरीवरून न थांबता येऊ लागला. आणि अमृतवल्लीचं खरं भय तिथून सुरू झालं. दुखत नाही हीच त्याची खोड. ती रोज पान वाढायची, मीठ डाव्या टोकाला ठेवायची आणि श्वास रोखून बघायची. त्याचा हात चाचपडला की पुढच्या दिवशी मीठ बोटभर अलीकडं. मग आणखी थोडं. पानावरून अंधार मुंगीच्या पावलांनी सरकत होता. का तिची भीतीच मीठ सरकवत होती? तिला कळेना. एकदा तो "मीठ कुठंय?" म्हणाला, आणि मीठ जवळजवळ भाताला टेकलं होतं.

तपासणीला पुन्हा तिघं गेली. डॉक्टर पूंगोदैंनी दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि खुर्ची मागं सरकवली.

"कमी व्हायचा तो चढलाय. थेंब चुकतायत?"

"छे," वैथिलिंगम म्हणाला. "ही स्वतः घालते."

"मग हे औषध लागू पडत नाही. जोडीला दुसरं देते. त्यानंही नाही उतरला तर चिरावं लागेल."

चिरावं हा शब्द ऐकला आणि अमृतवल्लीच्या तोंडून आपोआप निघालं, "ते पाणी होतं."

"काय?"

"बाटलीत. यात्रेपासून मी पाणीच घालतेय."

सिंगारवेलू उठून उभा राहिला. "अक्का, डोकं फिरलं का तुझं? माणसाचा डोळा घालवतेस?"

ती खाली बघत राहिली. आता नवरा काय म्हणेल, या धास्तीनं तिला त्याच्याकडं मान वळवता येईना.

"तिला ओरडू नकोस," वैथिलिंगम म्हणाला. "पाणी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. कडू लागलं नाही."

"कळलं आणि घालू दिलंत?" डॉक्टरांचा आवाज चढला. "का?"

बाहेर एक लहान मूल डोळ्याला औषध लावू देत नव्हतं, त्याचं रडणं तेवढं ऐकू येत होतं. अमृतवल्लीनं ओठ उघडले. कानात सासऱ्यांची शीळ वाजली आणि ते मिटले.

वैथिलिंगमनं डावीकडं मान वळवली. मेव्हणा नीट दिसेपर्यंत वळवली. मग गुडघ्यांवर दोन्ही हात टेकले, अगदी त्या दुपारी पडवीत म्हाताऱ्यानं टेकले होते तसे.

"मला दमा आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "माझ्या बापालाही होता."