नवसीला बघून उठलेलं आसन

चामटोलीच्या मागच्या वाडीत त्या रविवारी सकाळी नऊपासून माणसं उभी होती. लग्नाला आली असती तर जेवून पांगली असती. ही मात्र हलायला तयार नव्हती. पावसानं उघडीप दिलेली, ऊन डोक्यावर चढत होतं, भाताच्या शेतातलं तण तसंच राहिलं होतं. आणि सगळी वाडी कशासाठी खोळंबली होती, तर एका पांढऱ्या व्हॅनमधली सीट बघायला.

व्हॅनचं सरकतं दार सताड उघडं होतं. आत मधल्या रांगेत एकच सीट, तिच्यावर लाल मखमल, मखमलीवर झेंडूचा हार. पुढे ड्रायव्हरच्या जागेवर रूपेश नावाचा चेला गॉगल लावून बसला होता. आणि दारापाशी हात जोडून, डोळे अर्धे मिटून मधुनाथ महाराज.

"ही शीट नाय, लेकरांनो," महाराज सांगत होते. "हे माझ्या गुरूंचं आसन! गुरू बसलेत हिमालयात, पण टॉवर तिकडं असला तरी रेंज इकडं येते का नाय? मी कोण? मी नुस्ता सिम कार्ड. पाप समोर आलं की आसन सहन करत नाय. उठतं!"

लोकांनी माना डोलावल्या. वाडीत फोनला रेंज येत नव्हती, तरीही डोलावल्या.

या सगळ्याचं कारण होतं निशाचा ताप. निशा म्हणजे वाडीचा कारभारी देऊ, त्याची सून. दहा दिवस झाले, पोरगी दुपार झाली की थंडीनं कुडकुडायची, मग भाजून निघायची, मग घामानं भिजून गपगार पडायची. देऊनं तिला डॉक्टरकडे न्यायचं सोडून महाराजांना बोलावलं होतं. महाराज म्हणाले, ताप हा ताप नाय, कुणीतरी लावलेला हाय. कुणी लावला ते आसन सांगेल.

मग एकेक जण आसनासमोरून जाऊ लागला. देऊ गेला, आसन गप्प. त्याची बायको गेली, आसन गप्प. आणखी पाचसहा जण छातीत धडधड घेऊन गेले आणि सुटल्यासारखे हसत परतले. मग नवसीची पाळी आली.

नवसी साठीची, एकटी बाई. रानातली भाजी खुडून बदलापूर गावात विकायची. निशाला ताप भरला त्याच्या आदल्याच दिवशी तिनं देऊच्या घरी कोवळी भाजी दिली होती, आणि हे महाराजांच्या कानावर आधीच घातलं गेलं होतं. ती दारासमोर आली, तिनं वाकून हात जोडले, आणि—

खाड्!

सीटची मागची बाजू गाडीच्या तळापासून सुटली आणि आख्खी सीट पुढे झेपावून उभी राहिली. हार उडून नवसीच्या पायाशी पडला. बायका किंचाळल्या. पुढचे लोक मागच्यांच्या पायांवर चढले.

"भुताळी!" कुणीतरी ओरडलं.

महाराजांनी शांतपणे निकाल दिला. "मंगळवारी दुपारी परत परीक्षा. आसन दुसऱ्यांदा उठलं, तर ही बाई त्याच पावली वाडीबाहेर. तोवर सुनेला सुई नाय, गोळी नाय." मग त्यांनी दोन्ही हातांनी सीट खाली दाबली. "शांत व्हा, गुरुदेव, शांत व्हा!"

खट्. खट्ट.

त्या दोन आवाजांनी गर्दीतली एक बाई चपापली. तिचं नाव कुंदा. वाडीतलीच, नवसीच्या शेजारची. ती चार वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत गाड्यांच्या सीट जोडायच्या कारखान्यात कामाला होती, आणि तिचं काम हेच होतं: सीट दाबायची आणि दोन खटके ऐकायचे. सीट खाली अडकवणाऱ्या आकड्यांचे, एक डाव्याचा, एक उजव्याचा. एकच वाजला तर सीट बाजूला काढायची. दिवसाला दोनशे सीट, म्हणजे चारशे खटके. झोपेतही तिला ते ऐकू यायचे.

"अहो, हे स्प्रिंगचं काम आहे!" ती पुढे घुसत म्हणाली. "मी रोज बसवते. सीट वजनदार असते, बाईमाणसालासुद्धा एका हातानं उचलता यावी म्हणून खाली बिजागरीत स्प्रिंग पिळून भरलेली असते. मागचे आकडे सीटला धरून ठेवतात. हँडल ओढलं की आकडे सुटतात आणि स्प्रिंग सीटला उडवते. मागच्या माणसाला वाट करून द्यायला. त्यात देव नाही नि भूत नाही!"

महाराज हसले. असं हसणं त्यांना चांगलं जमायचं. "बेटी, तू शिकलेली. दाखव मग सगळ्यांना हँडल."

कुंदा गुडघ्यांवर बसली. सीटच्या डाव्या अंगाला, जिथे हँडल असायलाच हवं, तिथे तिचा हात गेला. गुळगुळीत प्लास्टिकचं बूच! उजवीकडे चाचपलं. काही नाही. मखमलीखाली, मागे, पुढे, कुठेच काही नाही. हाताला ग्रीस मात्र लागलं.

"काय ताई, शीटचा बीपी चेक करते का?" रूपेश गाडीतूनच म्हणाला, आणि सगळी वाडी खदखदून हसली.

"कुंदे, तुजी पोर नवसीकडंच असती ना?" एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली. "तुलाबी भारलीय तिनं."

कुंदाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ती खरं बोलत होती आणि तोंडघशी पडली होती. त्याहून वाईट म्हणजे हँडल का नव्हतं, हे तिलाच कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी पोरीचा हात धरून ती नेहमीसारखी नवसीच्या झोपडीशी गेली. कामावर जाताना पोरीला तिथेच सोडायची तिची रोजची रीत. पण उंबऱ्याशी तिचे पाय थांबले. क्षणभरच. हँडल नव्हतं. मग सीट उठली कशी?

नवसीनं ते थांबणं बघितलं. "पोर परत न्याची तं ने गं," ती हळूच म्हणाली. "मी काय बोलनार नाय."

कुंदाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं पोरीला आत ढकललं आणि मागे न बघता रस्ता धरला. रिक्षात तिचा पाय एकसारखा हलत होता. शेजारची म्हणालीसुद्धा, "कुंदा, पाय आवर, रिक्षा हलतेय."

कारखान्यात लाइनवर तिचं चित्त लागेना. खट्, खट्ट. पुढची. खट्, खट्ट. पुढची. तासाभरात एका सीटचा एकच खटका वाजला. आकडा नीट बसला नव्हता, सीट परत उघडायला हवी होती. हँडल अजून बसलेलं नव्हतं; ते लाइनच्या अगदी शेवटच्या टेबलावर बसतं. कुंदानं सवयीनं हात खाली घातला, आकड्याच्या पट्टीला बांधलेली नायलॉनची दोरी धरली आणि ओढली. सीट उसळून उभी राहिली.

दोरी तिच्या हातातच राहिली. ती तिच्याकडे बघत बसली.

ही दोरी लाइनवरच्या बायकांची स्वतःची युक्ती होती. कागदावर तिचा पत्ता नव्हता. साहेब आला की बायका ती पदराआड लपवायच्या. चार वर्षं दिवसातून दहादा कुंदा बिनहँडलाची सीट दोरीनं उघडत होती, आणि रविवारी भर वाडीसमोर हँडल शोधत बसली होती! कारण तपासणीच्या कागदावर "हँडल" लिहिलेलं असतं, दोरी नसते. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

आणि दोरी कितीही लांब असू शकते. पुढच्या सीटपर्यंत. गॉगल लावून बसलेल्या माणसाच्या पायापर्यंत.

"सुषमाताई, उद्या अर्धा दिवस हवाय," तिनं सुपरवायझरला सांगितलं.

"कशाला?"

"सीट बघायला जायचंय."

"इथे काय कमी आहेत?" सुषमानं विचारलं, पण कुंदाचा चेहरा बघून सही केली.

मंगळवारी दुपारी वाडीत रविवारपेक्षा जास्त गर्दी होती. नवसीनं आपलं गाठोडं बांधूनच आणलं होतं.  गाठोड्यात काय असणार? दोन लुगडी, एक पातेलं, विळा. देऊच्या ओटीवर निशा घोंगडीखाली थरथरत होती, आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

रविवारसारखीच आजही परीक्षेआधी महाराजांची आरती होती. महाराज आसनावर बसायचे आणि रूपेश खाली उतरून ताट ओवाळायचा. म्हणजे तेवढा वेळ ड्रायव्हरची जागा रिकामी. कुंदा गर्दीला वळसा घालून पलीकडच्या बाजूनं गेली, दार हळूच उघडलं आणि आत शिरली. चप्पल काढून तिनं पायानं चटई चाचपली. क्लचच्या शेजारी, चटईखाली, अंगठा जाईल एवढा दोरीचा फास होता. 

महाराजांनी एक पाय पायरीवर ठेवला. हात मखमलीकडे नेला. "गुरुदेव, तुमच्या लेकराला मांडीवर—"

कुंदानं अंगठा अडकवला आणि ओढलं.

खाड्! आसन थेट महाराजांच्या नाकासमोर उठलं. महाराज "आयला!" म्हणून मागे फेकले गेले आणि चिखलात बसले. हिमालयातली रेंज एकदम गेली.

 मग देऊ घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आसन महाराजावं उठलं."

"म्हंजे ह्योच भुताळा!"

"ह्यानंच खाल्ली निशाला! काठी आना रं!"

बघता बघता चार काठ्या उगवल्या. महाराज चिखलात मागे सरकत होते. रूपेशच्या हातातलं ताट पडलं. नवसीकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. ती गाठोडं उचलून सरळ घरी गेली असती तरी चाललं असतं.

कुंदा जागेवर बसून होती. गप्प बसायचं, बस्स. नवसीमावशी सुटली. या भामट्याला चार काठ्या पडतील, पडू देत! त्याच्यामुळेच तिचं वाडीत हसं झालं होतं, आणि खोटं कशाला, तिला मनापासून बरं वाटत होतं. पण वाडी अजूनही सीटवरच विश्वास ठेवून काठ्या उगारत होती. आज सीट त्याच्यावर उठली. पुढच्या महिन्यात दुसरी कुठली वस्तू दुसऱ्या कुणावर उठेल.

"थांबा!" ती दारातून ओरडली. "देऊकाका, काठी खाली! तो भुताळा नाही. लबाड आहे. सीट मी उठवली!"

तिनं चटई उपटून बाहेर फेकली. नायलॉनची दोरी ड्रायव्हरच्या पायापासून सीटखालच्या आकड्यांपर्यंत सगळ्यांना दिसली.

"ए, गाडीला हात नको लावू, सांगून ठेवतो!" रूपेश ओरडला, पण देऊची काठी त्याच्याकडे वळताच तो दोन पावलं मागे सरला.

"काका, तुम्ही सीट दाबा. दोन खटके ऐका. मावशी, तू इकडे ये. इथे बस. ही ओढ."

नवसी कशीबशी वर चढली. जन्मात पहिल्यांदा ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली असेल. देऊनं सीट दाबली. खट्, खट्ट. नवसीनं दोन्ही हातांनी दोरी ओढली, आणि सीट उठली. तिनं पुन्हा ओढायला मागितली. मग देऊनं ओढून बघितली, मग त्याच्या बायकोनं, मग रांगच लागली. कुंदानं मखमल फाडून बिजागरीतली काळी, पिळलेली स्प्रिंग दाखवली. लोकांनी वाकून वाकून बघितली.

मधुनाथ महाराज म्हणजे उल्हासनगरात गाड्यांच्या सीटना कव्हर चढवणारा मधू, हे रूपेशनंच सांगितलं. काठ्या खाली गेल्या होत्या तरी त्याची जीभ भराभर चालत होती. बाईला भुताळी ठरवणं हा गुन्हा आहे, असं कुंदानं सांगितलं आणि पोलिसांना फोन करायला ती रेंज असलेल्या टेकाडावर पळाली. पण त्याआधी निशाला त्याच सीटवर बसवून व्हॅन बदलापूरला पाठवली. रूपेश चालवत होता, शेजारी देऊ काठी घेऊन. पोलीस येईपर्यंत मधूला वाडीनं देऊच्या अंगणातल्या मांडवाच्या खांबाशी बसवून ठेवलं, न मारता. कुंदानं तेवढं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं.

रक्त तपासलं. मलेरिया निघाला. डॉक्टरांनी देऊला विचारलं, "बारा दिवस काय करत होतात?" 

निशाला दवाखान्यात ठेवून देऊ दिवस मावळायच्या आत परत आला तो थेट नवसीच्या दाराशी. मागे अर्धी वाडी.

"मावशे, चुकलं आमचं," तो म्हणाला. "आतमंदी दोरी हाय, आमाला काय ठावं?"

नवसी गाठोडं सोडत होती. तिनं मान वर केली नाही. "आन् दोरी गावली नस्ती तर?"

 देऊनं बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"नस्ती गावली," तो शेवटी म्हणाला, "तर तुला काढली असती."

"दोरी मला रविवारी नव्हतीच सापडली," कुंदा म्हणाली.  "आणि सोमवारी मीसुद्धा या दारात थांबले. रोज सीट जोडणारी मी, मलाही शंका आली. कशाची? या बाईची! सीटची नाही. काका, दोरी सापडली म्हणून मावशी निर्दोष ठरली नाही. ती आधीही निर्दोषच होती. उद्या कुणी असं काही दाखवेल की त्यातली दोरी मलाही सापडणार नाही, डॉक्टरलाही नाही. तेव्हा म्हणा, कळत नाही. बघू, विचारू, शोधू. कळत नाही म्हणायला लाज कसली? पण न कळलेल्या गोष्टीला माणसाचं नाव देऊ नका. आणि ताप आला, तर आधी रक्त तपासा."

देऊ उभाच राहिला. नवसीनं त्याला बस म्हटलं नाही.

"सुनेजवळ जा," ती म्हणाली. "ती तिथं एकली आसंल."