शिंप्याची बदली

आयुष्यभर माणसांना मरणाची भीती घालून विमा एजंटाने पोट भरलं होतं. आता खरंखुरं मरण रोज दुपारी विमानात बसून येत होतं, तर त्याच्याच इमारतीत त्या मरणाला कोणी भीक घालेना. हल्ल्याच्या वेळी सगळ्यांना तळघरात नेण्याचं काम त्याच्याकडे होतं, दंडावर तसा पट्टाही होता. भोंगा वाजला की बिऱ्हाडं गाठोडी घेऊन उतरायची आणि तळघराच्या दाराशी थबकायची.

कारण आत शिंपी होता. म्हणजे नव्हता; हिवाळ्यातच तो छातीच्या दुखण्याने गेला होता. पण त्याचं मशीन तिथेच होतं आणि ते आपोआप चालतं, असं एजंटाच्या सासूबाईंचं म्हणणं. त्याने समजावलं, चिडून पाहिलं, शेवटी हात जोडले. सासूबाई जिन्यातच बसल्या.

"बॉम्ब निदान मानगुटीवर तरी बसत नाही," त्या म्हणाल्या.

त्या बसल्या म्हणून त्याची बायको बसली आणि बायको बसली म्हणून सगळी इमारत बसली. मागच्या गल्लीतला एक जिना वर बसलेल्या माणसांसकट कोसळला, तरी कोणी हललं नाही.

तेव्हा एजंटाने थाप मारली. शिंपी आता गच्चीवर राहायला गेलाय. तळघरातली ओल त्याच्या छातीला बाधायची. हे मात्र सगळ्यांना तत्काळ पटलं. त्याला कोरडीच हवा मानवायची, असं सासूबाईंनीही सांगितलं. दुसऱ्या दिवशी अख्खी इमारत तळघरात, आणि मशीनवर सासूबाईंचा थर्मास.

पण गच्चीवर पहाराही असायचा. आगीचा बॉम्ब पडला तर एकाने वाळू टाकायची, दुसऱ्याने खालच्या मजल्यावरून बादल्या आणून द्यायच्या. हा दुसरा म्हणजे तळमजल्यावरचा न्हावी. त्याने कळवलं, की दाढी करताना आपण एकदा शिंप्याचा गाल कापला होता, तेव्हा त्याच्यासमोर जायचं तोंड नाही.

एजंट एकटाच वर गेला. नेमका त्याच दुपारी पाण्याच्या रिकाम्या टाकीपाशी बॉम्ब पडून पेटला. हाताशी होती ती वाळू संपली. जिन्यात वाकून त्याने न्हाव्याला हाका मारल्या, बायकोला मारल्या, मग कोणालाही मारल्या. खालून चूं नाही. अखेर त्याने अंगावरच्या एकुलत्या एका कोटाने आग झोडपून विझवली आणि जळक्या भुवयांनिशी तळघरात उतरला.

"घसा फुटला माझा. एकालाही ओ देता येऊ नये?"

"गच्चीवरून हाक आली की ओ देऊ नये," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मीच सगळ्यांना गप्प बसवलं. म्हटलं, शिंपी बोलावतोय."

"अहो आई, गच्चीवर शिंपीबिंपी कोणी नाही—"

सासूबाईंनी मशीनवरचा थर्मास हळूच उचलून घेतला. "वर नाही? मग इथेच आहे म्हणायचा."

बायकोने गाठोडं जवळ ओढलं. न्हावी तर उठून दारापाशी पोचलासुद्धा. बाहेर विमानं अजून घोंघावत होती.

एजंटाने दार अडवलं.

"वरच आहे," तो म्हणाला. "आत्ताच भेटला."

सगळे परत बसले. थर्मास मशीनवर गेला.

"छाती कशी आहे त्याची?" सासूबाईंनी विचारलं.

"सुधारली," एजंट म्हणाला आणि रिकाम्या बादल्या भरायला एकटाच निघाला.

"सांभाळून जा, जावईबापू," मागून सासूबाईंचा आवाज आला. "आणि उगीच हाका मारू नका. माणसं घाबरतात."