धावत्या उजेडाचं रीळ

"जवाईबोवा, यामा मन्ही पोर कोठे शे?"

रुपचंद पार्सलचं कापड आणायला बाजारात गेला, तेवढ्यात त्याच्या सासूनं, भिकुबाईनं, रिळाची डबी उघडली होती. ओट्यावर भर उन्हात रीळ मांडीवर उलगडून ती हात-हात फिल्म डोळ्यांपुढे धरून बघत होती. परतलेला रुपचंद कापड हातात घेऊन अंगणातच थांबला.

रीळ गेल्या कपाशीच्या हंगामातलं. नरडाण्यात लग्नांचं शूटिंग करणाऱ्या रुपचंदला एक नसता नाद होता. पळता उजेड त्याला फिल्मवर धरायचा होता. शाळेतल्या झुलालमास्तरांनी परोपरीनं सांगितलं, "बाजूनं जाणारा उजेड दिसत नाही रे. कॅमेऱ्यात शिरेल तोच दिसतो, आणि शिरला की तिथंच संपतो." पण ऐकेल तो रुपचंद कसला. जिनिंगच्या शेडमध्ये पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येई, कापसाच्या उडत्या तंतूंमुळे ती उठून दिसे. तिथं त्यानं कॅमेरा लावला. उजेड काही पळताना दिसेना. तिथंच कामाला असलेली त्याची बायको सुनंदा हसत तिरिपेत आली आणि तिनं तळहात आडवा धरला.

"थांबाडू का त्याले तुमनाकरता?"

पौषात ती काविळीनं गेली. गावाची लग्नं टिपणाऱ्याच्या घरात बायकोचा एक फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. रीळ धुवायला मुंबईला धाडायचं होतं, पण ती हसताना दिसेल या भीतीनं त्यानं सहा महिने डबीला हात लावला नाही. आज कुठं मन घट्ट केलं होतं. आणि न धुतलेल्या फिल्मला ऊन लागलं की होतं नव्हतं ते सगळं जातं.

"मन्हं काही चुकनं का?" भिकुबाईनं विचारलं.

त्याला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. मग फिल्ममध्ये पोरीला शोधणारे तिचे डोळे दिसले आणि तो तिच्याशेजारी ओट्यावर टेकला.

"नही मामी. आजून धुवानं शे. धुवाशिवाय कोणलेच दखास नही."

"मंग येई ना ती?"

"येई."

तिच्यादेखत त्यानं रीळ गुंडाळलं, डबीत घातलं, वरून कापड शिवलं आणि मुंबईचा पत्ता लिहिला. पोस्टात कारकुनानं पार्सल तोललं आणि खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलं.

"भाऊ," रुपचंद म्हणाला, "तेवढं सावलीत ठेवा."