सालीचे डोहाळे

प्रमिलाच्या डोहाळजेवणाला निम्म्या फैजपुराच्या बाया जमल्या होत्या. लढाईचे दिवस, ज्वारी रेशनवर. पण तिच्या सासूच्या, कमलबाईंच्या घरी ताटात मावेना एवढी पक्वान्नं! सुनेचं कौतुक कमी, गावाला दाखवणं जास्त. केळीच्या बागांचं घर ना ते!

प्रमिलाचं लक्ष मात्र मागच्या ओट्यावर होतं. तिथं तिची आई, झुंबरबाई, अंग चोरून बसली होती. दुसऱ्यांच्या बागेत मजुरी करणारी बाई. सकाळीच नशिराबादहून लेकीसाठी कच्च्या केळ्यांच्या सालींची भाजी घेऊन आलेली. कमलबाईंनी तो डबा तिच्यादेखत म्हशीपुढे उपडा केला होता. "गुरांचं खाणं माह्या सुनेले? पोटातलं लेकरू मारतं का काय?" मग कुणाची टाप होती तिला आत ये म्हणायची! प्रमिलाच्या डोक्यात तिडीक गेली होती, पण ओटी भरेपर्यंत तिनं कळ काढली.

ओटी भरून झाली. शेजारच्या म्हाताऱ्या तानुबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय खावासं वाटते तुले, पोरी?"

"सालीची भाजी. माह्या आईच्या हातची."

बाया हबकल्या. एकजण फिस्सकन हसली.

"येड लागलं का तुले?" कमलबाई कडाडल्या. "पल्याडच्या गल्लीतल्या छगनची पोरं साली खाऊन ओकून ओकून अर्धी झाली, ठाऊक नही?"

"उकिरड्यावरच्या कुजक्या होत्या त्या, आत्या. माही आई ताज्या हिरव्या साली घेते, धुते, हळदमिठात उकडते आन ते पाणी फेकून देते. त्याच खाऊन मी वाढली. आन माह्याच अंगात तुमचा नातू वाढून राह्यला!"

कमलबाईंना आता नाही म्हणायची सोय नव्हती. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, हे त्यांनीच महिनाभर साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं.

"पुरव बाई," तानुबाई म्हणाल्या. "पोटुशीले नही म्हनू नये."

मग काय! जेवणातल्या कापांसाठी सोललेल्या कच्च्या केळ्यांच्या साली पडल्याच होत्या. झुंबरबाईला चुलीपुढे बोलावलं. तिनं भाजी केली, सगळ्यांदेखत थोडी वाटीत घेऊन आधी स्वतः खाल्ली. प्रमिलाला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

पहिला घास सासूनं भरवायचा. कमलबाईंनी नाक मुरडत घास उचलला. प्रमिलानं तोंड फिरवलं.

"आता काय झालं?"

"चुलीपुढे चालते, पाटावर नही? आधी माह्या आईचा पाट मांडा. इथं, माह्याजवळ."

सगळी पंगत कमलबाईंकडे बघत होती. त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि उठून स्वतः पाट आणला. झुंबरबाई बसली. मगच प्रमिलानं तोंड उघडलं.