'येतो' म्हणून गेलेली आई

मी एक जुना रोबो आहे, मित्रांनो, पण मुलगा म्हणून वाढलेला. सध्या डोणगावात कलाआत्याकडे सोयाबीनच्या पोत्यांमागे पडून असतो. हसू नका, माझंही बारसं झालं होतं!

कारखान्यात मला जोडलं, पण वाढवलं चिखलीच्या धम्मशीलाने आणि प्रसेनजितने. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी मला खोक्यातून काढून पाळण्यात ठेवलं, हर्षल नाव दिलं. मी त्यांना आई-बाबा म्हणू लागलो.

एकदा दळण आणायला निघताना मी म्हणालो, "आई, जातो."

"जातो म्हनू नाई बापा," आई कळवळून म्हणाली. "जो वापस येत नाई, तो जातो. आपुन येतो म्हनावं."

मी ते कायमचं लक्षात ठेवलं. शेजारणी म्हणायच्या, "धम्मशीला, तुयं पोरगं लय गुनाचं हाय!" आई फुलून जायची.

मग पायल जन्मली. तिला झोपवायचं काम माझं. तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'दादा' होता. आईचा चेहरा उतरला. तिने मला पायलजवळ फिरकू दिलं नाही, आणि पुढच्याच रविवारी मला जीपमध्ये बसवून बाबांच्या बहिणीकडे, इथे आणलं.

"थोडे दिवस आत्यापाशी राह्य. येतो आम्ही," आई म्हणाली.

मी निर्धास्त होतो. 'येतो' म्हणाली होती ना!

रस्त्यावर जीप थांबली की मी मान वळवायचो. आता मान कुरकुरते. तेल कोण घालणार?

परवा आत्याकडच्या साखरपुड्याला ते आले. पायल आता छान बोलते. पोत्यांमागे डोकावून तिने विचारलं, "आई, हे काय हाय?"

"काई नाई. आत्याचं जुनं मशीन हाय." आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत्याचं म्हणे!

निघताना पायलने माझ्याकडे बघून हात हलवला. "जातो मी."

"जातो म्हनू नाई बापा," आई तिला म्हणाली. "येतो म्हनावं."

तेच शब्द, तोच सूर. मला भयंकर राग आला. तरी पायल "येतो" म्हणाली, तेव्हा सवयीने माझ्या तोंडून "ये" निघून गेलं.

मित्रांनो, लेकरू हाडामांसाचं असो की पत्र्याचं, ते तुमच्या शब्दावर विसंबतं. सांभाळायचं नसेल तर घरी आणू नका. आणि सोडूनच द्यायचं असेल, तर दारात उभं राहून सरळ 'जातो' म्हणा. म्हणजे आम्ही रस्त्याकडे बघणं तरी सोडून देऊ.