बिनफिल्टरचा मास्क

साहेब, तुम्ही माझं तोंड एका गावात ठेवलंत आणि माझी फुप्फुसं दुसरीकडे, तुमच्या कार्यालयातल्या कपाटात. वर फोटो काढलात आणि सांगितलंत की गाव आता सुरक्षित आहे. गाव सुरक्षित नव्हतं. हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, साहेब हे वाचतील असं वाटत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मी एक जुना गॅस मास्क आहे. मी वापरून जुना झालो नाही, पडून राहून झालो. काळ्या रबराचा माझा चेहरा आहे, दोन मोठे काचेचे डोळे आहेत आणि तोंडाच्या जागी गोल भोक आहे. त्या भोकात फिल्टर बसवायचा असतो. विषारी वायू तो अडवतो, चांगली हवा आत सोडतो. फिल्टर असेल तर मी मास्क, नसेल तर निव्वळ रबर.

कारखान्यात मला बनवणाऱ्या बाईने माझा पट्टा दोनदा ओढून पाहिला होता. कोणाचा तरी जीव वाचव हो, असं ती मनात म्हणाली असेल, असं मला नेहमी वाटतं. नंतर इतकी वर्षं कोणी काही म्हणालंच नाही, म्हणून तेवढं जपून ठेवलंय.

माझं पहिलं काम म्हणजे भाईंदर पश्चिमेच्या एका सभागृहातलं प्रशिक्षण. आरोग्याचं काम करणाऱ्या गावोगावच्या बायका आल्या होत्या. वायुगळती झाली तर काय करायचं, ते आरोग्य खात्याच्या या साहेबांना शिकवायचं होतं. समोर टेबलफॅन लावला, तो झाला वारा. अगरबत्ती पेटवली, तो झाला विषारी वायू. साहेबांनी सांगितलं की ओला कपडा नाकाला लावा, वाऱ्याला आडवं पळा, वायू लागलेल्या माणसाचे कपडे काढा, डोळे भरपूर पाण्याने धुवा. हे सगळं खरं होतं, मित्रांनो. खोटं काही नव्हतं. फक्त त्यात गाव नव्हतं.

मग बायकांनी मला आळीपाळीने तोंडावर चढवलं. किनाऱ्यावरच्या चौक गावच्या सेलीनताईने घातल्यावर तारोडीची सुलू म्हणाली, "अशीच घरी जा गं. सासरा घाबरून आज स्वतःच जेवण वाढेल."

"पप्पा घाबरणार न्हाय," सेलीनताई माझ्या आतून म्हणाली. "विचारील, मच्छी कुठंय?"

तो हसण्याचा ऊबदार श्वास माझ्या काचेवर साचला. तसा श्वास मला पुन्हा मिळाला नाही.

साहेब म्हणाले, लोकांना ताबडतोब सावध करा. सेलीनताईने हात वर केला. "आमच्याकडं भोंगा न्हाय. देवळाची घंटा हाय. चालेल?"

"चालेल, चालेल. काहीही वाजवा," साहेब म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं.

चौकात चर्चला देऊळच म्हणतात. ती घंटा तिथे काय बोलते, हे साहेबांनी विचारलं नाही. आणि सेलीनताई त्या घंटेच्या आवाजातच वाढलेली. आपण श्वास घेतो हे जसं कोणी सांगत बसत नाही, तसं तिनेही सांगितलं नाही.

मला चौकच्या आरोग्य केंद्रात काचेच्या कपाटात ठेवलं. किल्ली साहेबांकडे. फिल्टरही साहेबांकडे, का तर गावात हरवतात. खालच्या बिनकुलपाच्या कप्प्यात गोळ्यांची खोकी येत-जात राहिली. मला कोणी हात लावला नाही. लहान मुलं काचेला नाक लावून मला वाकुल्या दाखवायची, तेवढीच सोबत. रबर एकटं पडलं की कडक होतं, मित्रांनो. माणसांचंही तसंच होत असावं.

एका दुपारी किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा पाइप फुटला. मासळीला बर्फ लागतो आणि बर्फ गोठवायला अमोनिया. वारा दर्यावरून गावाकडे होता. पांढरा धूर जमिनीला चिकटून गल्ल्यांकडे सरकत होता. सेलीनताई धावत केंद्रात आली. नर्स संपदा म्हणाली, "ताई, कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे."

दाराला अडसर म्हणून ठेवलेला दगड सेलीनताईने उचलला आणि काच फोडली. मला हातात घेतलं, उलटं केलं. माझ्या तोंडाच्या भोकातून तिला पलीकडची भिंत दिसली. मला गळ्यात अडकवून, ओढणी भिजवून ती देवळाकडे पळाली.

घंटा वाजवायचं काम तिच्या सासऱ्याचं, गॅब्रियलचं. तो जुना मच्छीमार.

"पप्पा, घंटा मारा. जोरात."

"होरी बुडली काय?"

"मारा आधी!" तिला दम लागला होता. पुढचं सांगायला ती थांबली नाही.

आता ऐका. चौकात अवेळी घंटा वाजली की तिचा एकच अर्थ असतो. होडी संकटात आहे, किनाऱ्यावर पळा. पुरुष दोर घेतात, बायका गोधड्या घेतात. घंटा वाजवणारा सगळ्यांच्या शेवटी निघतो, घंटेखाली ठेवलेला जाड दोर खांद्यावर टाकून.

गल्लीच्या तोंडाशी सेलीनताईला समोरून सगळं गाव येताना दिसलं. दोर, गोधड्या, अनवाणी पाय. सगळे धुराच्या दिशेने. आपण काय केलं, हे तिला तिथे कळलं.

ती हात पसरून आडवी उभी राहिली. "मागं फिरा! होरी न्हाय बुडली. गॅस हाय!"

कोण ऐकतो? घंटा खोटं बोलत नाही, असंच त्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक. एका बाईने तिला ढकललं, "माझा माणूस दर्यात हाय, बाजूला हो." तेव्हा सेलीनताईने मला तोंडावर चढवलं. मी काहीच अडवू शकत नव्हतो, मित्रांनो. तो जळजळीत वायू माझ्या भोकातून सरळ तिच्या छातीत जात होता. पण माझा काळा, भयंकर चेहरा पाहून गाव थबकलं. मग धुराचा झोत त्यांच्यापर्यंत आला, आणि लोक माघारी वळले, गावाच्या बाजूच्या डोंगराकडे. मी कामाला आलो तो एवढाच. बुजगावणं म्हणून.

गॅब्रियल मात्र गल्लीने आलाच नाही. बोंबील सुकवायच्या बांबूंमधून किनाऱ्याची जवळची वाट होती, तो तिथून गेला. धूर विरल्यावर तो त्या बांबूंखाली सापडला, दोर खांद्यावरच. सेलीनताईने आणि संपदाने त्याचे कपडे काढले, डोळ्यांवर पाणी ओतत राहिल्या. अगरबत्तीच्या धुरात शिकलेलं तेवढं उपयोगी पडलं. तो जगला. पण त्याला आता अंधूक दिसतं, आणि देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने सुनेला पहिलं विचारलं, "होरी बुडली न्हाय ना?"

"न्हाय, पप्पा."

"मग बरं," म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

साहेब आले. काच कोणी फोडली, हे त्यांनी आधी विचारलं. घंटा कोणी वाजवायला लावली, हे नंतर. नवी काच बसली, नवं कुलूप आलं, किल्ली पुन्हा त्यांच्याकडे. गावातली काही घरं सेलीनताईशी बोलत नाहीत. दुपारी ती केंद्रात माझ्यासमोर बसून एकटीच भाकरी खाते. खोकला आला की तोंड फिरवते, जणू मला वाईट वाटू नये.

परवा पुन्हा प्रशिक्षण झालं. तेच सभागृह, तोच टेबलफॅन, तीच अगरबत्ती. या वेळी मला फिल्टर लावला होता, फोटो निघेपर्यंत. सेलीनताईने हात वर केला. साहेब म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी पुरीभाजी आली, साहेबांची गाडी आली, आणि माझा फिल्टर काढून त्यांच्या बॅगेत गेला.

मित्रांनो, वस्तू जपा असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मी जपलेलाच आहे. कुलपात आहे, कोरा आहे. जपलं नाही ते तिच्या प्रश्नाला.

गॅब्रियलचा दोर पुन्हा घंटेखाली ठेवलाय. बर्फाचा कारखाना पुन्हा चालू झालाय. साहेब, पुढच्या वेळी घंटा वाजली, तर चौकच्या माणसांनी कुठे पळायचं, किनाऱ्याकडे की डोंगराकडे? सेलीनताईचा हात अजून वर आहे. उत्तर द्या.